डाव्या बरगडीखालचा काळा तुकडा

मंगळवार, विटा. जेवणं झाल्यावर.

आज पारावर आबांनी परत सांगितलं, "पोराचं अपेंडिक्सचं आपरेशन झालंय." कसलं आपरेशन! माझ्या पोटावर एक टाका नाही. पण आबांनी जन्म फौजेत काढला. पोरगा डोंगरावरच्या चौकीवरून गोळी न लागता माघारी आला, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नाही.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी स्कॅनमध्ये दाखवलं होतं. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, आणि तिच्यात एक काळा तुकडा. रक्त पोचलं नाही म्हणून तेवढा भाग मेला. माझ्या रक्तात जन्मापासून सिकलसेलचा अंश आहे. खाली त्रास नाही, पण उंचावर हवा विरळ झाली की पेशी वाकतात आणि रक्ताची वाट अडवतात. आई नाहीतर वडील, कुणाकडून तरी आलंय. दोघांनी तपासून घ्या, म्हणाले.

आबा उखडले. "आमच्या रक्तात असलं काय न्हाई. तुज्या आईकडचं आसंल." म्हणजे तो काळा तुकडाही आईचाच! तपासायला एकटी आईच आली.

आज डॉक्टरांचा फोन आला. आईच्या रक्तात काही नाही.

मग कुणाचं? आबांची सगळी नोकरी राजस्थानच्या सपाट वाळवंटात गेली, म्हणून निभावलं. छाती कसली फुगवता?

आईला चुलीपाशी सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. जेवताना आबांनी परत तेच काढलं, "ह्येच्या मामाकडची समदी असलीच किडकी." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"व्हय वो," ती म्हणाली, "माज्याकडचंच हाय त्ये."