आईला वाचून दाखवलेली कादंबरी

दि. ४ नोव्हेंबर
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
कादंबरीचं बाड सोबत पाठवतोय. आईला आता दिसत नाही, तेव्हा तू रोज थोडं वाचून दाखव. यात साठी उलटलेल्यांना सरकार उचलून नेतं. वाचणाऱ्याची झोपच उडाली पाहिजे! तिसऱ्या प्रकरणातली म्हातारी आईवरूनच घेतलीय. सगळी रजा लिहिण्यात संपली, म्हणून भेटायला पुस्तक छापून झाल्यावरच येईन. रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा धाकटा

दि. १२ नोव्हेंबर
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.
अरे, केवढी ही कापाकापी! दिवसभर कारखान्यात काजं-बटणं करून यायचं आणि घरी तुझे मुडदे मोजायचे. एकाची जीभ छाटली, दुसऱ्याला जिवंत सोललं. पण तो सुतार होता की मास्तर, घरी त्याची वाट कोण बघत होतं, पत्ताच नाही. मला रडू येईना. आणि शिध्यासाठी मुलगा म्हातारीला शिपायांच्या हवाली करतो, तेव्हा ती एक शब्द बोलत नाही? आपली आई गप्प बसली असती होय?
तिला मात्र आवडतेय हो. पुढे काय, पुढे काय, म्हणून मागे लागते. जेवण कमी झालंय, पायांवर सूज आहे. एकदा तोंड दाखवून जा. लोभ आहेच, म्हणून तर बोलते.
तुझी ताई

दि. २० नोव्हेंबर
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
आईला आवडली, जिंकलो! संपादकबाईंनीही तुझंच तुणतुणं लावलं होतं, की नुसते धक्के आहेत, माणसं पुठ्ठ्याची आहेत. मी ठणकावलं, जिच्यावरून लिहिलं तिला पटलंय, एक ओळ बदलणार नाही. छपाई झाली की येतोच. लोभ वाढवावा, टीका कमी करावी.
तुझा धाकटा

दि. २६ नोव्हेंबर
चि. धाकट्यास, आशीर्वाद.
आता नीट ऐक. आईने तुझं पुस्तक ऐकलेलंच नाही. पहिलाच खून वाचला तर तिने मला थांबवलं. मेला तो कोणाचा कोण, पोरंबाळं होती का, विचारायला लागली. पुस्तकात असेल तर सांगणार ना! मग मी बाड समोर धरून मनचंच सांगत गेले. माझ्या गोष्टीत मुलगा दूर गावी असतो आणि आईवर वेळ आलीय कळताच हातातलं काम टाकून निघतो.
तेव्हापासून तिने खाट दारासमोर लावून घेतलीय. पावलं वाजली की विचारते, "आला का?" गोष्टीतला की तू, हे विचारायचा मला धीर होत नाही. डॉक्टर म्हणाले, बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. छपाई गेली खड्ड्यात. लोभ असेल तर नीघ.
ताई

दि. ३० नोव्हेंबर
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र दोनदा वाचलं. संपादकबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, हेच तर हवं होतं. छपाई थांबवलीय. तिसरं प्रकरण तुझ्यासारखं करतोय, मुलगा येतो असं. तेवढं हातावेगळं केलं की निघालोच. आईला म्हणावं, धीर धर. लोभ असावा.
तुझा धाकटा

दि. ४ डिसेंबर
चि. धाकट्यास,
आई काल दुपारी गेली. तुझं पत्र आलं तेव्हा ती शुद्धीत होती. त्यातलं मी काही वाचलं नाही, तू वाटेत आहेस असं सांगितलं. "भुकेला येईल गं, भात टाक," म्हणाली. मी टाकला.
तिसरं प्रकरण बदलू नकोस. आधी लिहिलं होतंस तेच खरं. लोभाचं मला आत्ता लिहवत नाही.
ताई