एक मूठ जास्तीचे तांदूळ

पवनी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

पितळी गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, तांदूळ पडतानाचा तो आवाज! आई तांदूळ ओतायची आणि आम्ही पोरं त्या तालावर शाळेतली कविता म्हणायचो. आज तोच आवाज मी थांबवला.

माझी बायको सुमन रोज एक मूठ जास्तीची टाकते. तिच्या धाकट्या भावासाठी. शेताच्या हिश्श्यावरून रुसून तो गेला, तो पुन्हा उंबऱ्याशी आलाच नाही. आज मी बोलून गेलो, "आता कोन येते? रोज शिळा भात मीच खाऊन राहिलो."

"बरं," म्हणाली, आणि ती मूठ डब्यात परत ओतली. भांडली असती तर बरं होतं.

तेव्हापासून भिंतीवरच्या चित्राकडे पाहतो आहे. इथले स्तूप पाहायला आलेला बेल्जियमचा एक माणूस आमच्याकडे जेवला होता, त्यानेच पाठवलेलं. तिकडच्या जुन्या फ्लेमिश कोरीव चित्राची प्रत. ग्रीक पुराणातले दोन देव भिकाऱ्यांच्या वेषात फिरतात, सारं गाव दारं लावून घेतं, एक म्हातारं जोडपं तेवढं त्यांना जेवायला बसवतं. म्हातारी घरातलं एकुलतं बदक धरायला धावते आहे. सुमन तिला नेहमी सांगते, "राहू दे वो बुढे, भातच वाढ त्याइले!"

चित्रातला म्हातारा बायकोला अडवत नाही. मी अडवलं. एका मुठीसाठी?

कडी वाजली. सुमनने दार उघडलं.

"बाई, हाय का जेवाले काही?"

तिचा भाऊ! सुमन वळून माझ्याकडे पाहते आहे.

पेन ठेवतो. मला आज भूक नाही, असं सांगतो.