बिनडोळ्यांचा पाहुणा

पेण, १० जानेवारी १९९६

राजमान्य राजेश्री दिनानाथराव व्याही, मु. अष्टमी, ता. रोहा, यांस,

पेणहून हिरामणचा नमस्कार. हात प्लास्टरने भरलेत, तेव्हा कोपरापासून जोडलाय असं समजावं. आपला गुडघा, बायजाबाईंचा खोकला आणि दारची म्हैस, तिघांची तब्येत ठीक असावी. आमची पूजा आपल्या घरात रुळली आणि नात भूमिका दीड वर्षाची होऊन घरभर धावते, हे पूजाच्या पत्रात वाचून मंडळींनी (म्हणजे पुतळीने) पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. आज लिहिण्यास विशेष कारण नाही.

गेल्या महिन्यात पोलिओच्या डोसाची फेरी निघाली. त्यासाठी शाळेचे सुशील मास्तर कारखान्यात आले आणि म्हणाले, एक विषाणू करून द्या. तीस वर्षं गणपती करतोय, एकदा पुढाऱ्याचा पुतळाही केला (नाक पसंत पडलं नाही), पण विषाणूची ऑर्डर पहिलीच. विचारलं, बैठक कशी, हात किती, वाहन कोणतं? मास्तर म्हणाले, काही नाही, वीस पैलूंचा गोळा आणि आत एक धागा. तोंड नाही, पोट नाही, खात नाही, श्वास घेत नाही. मग जिवंत की मेलेला, तर तेही नक्की सांगता येत नाही म्हणे. (असे नातेवाईक आमच्याकडे आहेत. आपल्याकडचे नव्हेत.) शेवटी उलगडा मीच केला. विषाणू म्हणजे साचा. नुसता फळीवर पडून राहिला तर त्यातून गणपतीचा उंदीरसुद्धा निघत नाही. पण दुसऱ्याच्या कारखान्यात शिरला, की तिथलीच माती, तिथलेच कारागीर कामाला लावतो. गणपती राहतात बाजूला, सगळे याचेच गोळे पाडत बसतात आणि शेवटी भिंत फुटून हजारो गोळे शेजारच्या कारखान्यांत घुसतात. अंगात असे कारखाने कोट्यवधी (मास्तर त्यांना पेशी म्हणतात). हा पोलिओवाला तोंडावाटे पोटात उतरतो आणि एखाद्याच्या पाठीच्या कण्यातले, पायाला हुकूम देणारे कारखानेच मोडतो. ते पुन्हा उभे राहत नाहीत. मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं.

गोळा रंगवून झाला, मी जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर गोळ्याला टपोरे डोळे. आमच्याकडे डोळ्यांची आखणी शिवाच्या हाती. टेम्पो दारात उभा, वेळ नव्हता, तसाच फेरीत गेला. आणि पेणच्या लोकांना कारखान्यातून डोळेवालं काही बाहेर पडलं की हात जोडायची सवय. बायांनी कुंकू लावलं, एकाने नारळ फोडला आणि पोलिओचा विषाणू गळ्यात हार घालून दवाखान्यात पोहोचला. डॉक्टरीणबाई मास्तरांशी अजून बोलत नाहीत.

मी शिवावर भडकलो. त्याचा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला, म्हणून तर तो बसून करायच्या कामात आला. ब्रश धूत म्हणाला, "काका, माझा पाय यानीच नेला ना. एकदा तरी त्याच्या डोळ्यांत बघायचं व्हतं. डोळं काढलं, तरी माझ्याकडं बघत नाय तो." मला फार वाईट वाटलं. काढलेले डोळे मी आजवर कधी पुसले नव्हते. त्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन दोघांनी मिळून घासून काढले. आता गोळा वीस तारखेच्या दुसऱ्या डोसासाठी तयार आहे.

बाकी ठीक. बायजाबाईंना नमस्कार, भूमिकेला पापा.

आपला नम्र,
हिरामण

ता. क. पूजाच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात होतं, की डिसेंबरात ती भूमिकेला डोसासाठी घेऊन निघाली तेव्हा बायजाबाईंनी "पोर चांगली धावते गो, हिला काय झालाय?" म्हणून दारातून परत फिरवलं. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरात बोलू नये, हे मी जाणतो. लग्नात आपल्या वऱ्हाडाची बस खांब गावाजवळ बंद पडली ती मी ढकलली, पण तोंडातून शब्द काढला नाही. आता काढतो. त्या थेंबांत हाच साचा असतो, पण कमजोर केलेला. अंगातल्या राखणदारांना त्याची ओळख पटते आणि खरा आला की ते त्याला धरतात. शिवाही दोन वर्षांचा होईपर्यंत घरभर धावत होता.

ता. ता. क. उत्तराची वाट बघत नाही. एकोणीस तारखेच्या रोह्याच्या गाडीने निघतोय, मास्तरांना सांगून गोळा मांडीवर घेऊन. आपल्या ओटीवर ठेवीन, बायजाबाईंनी त्याला हार घालायचा तर खुशाल घालावा. पण वीसला सकाळी भूमिकेला कडेवर घेऊन डोस पाजून आणणार. दिनानाथराव, त्याला डोळे नाहीत. घर व्याह्यांचं आहे, हे त्याला दिसत नाही.