माकडाच्या गालावरचं चौथं भोक

रोहा, मंगळवार

ती. स्व. पोपटमामांना भाची नम्रताचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला असेल असं धरून चालते, कारण रंगाची फवारणी चालू असताना त्या तोंडाला पदर लावतात का, असं विचारलं की तुम्ही विषय बदलता. मीही बदलते.

मामा, तुमच्या जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यातून माकडाची कवटी परत मिळाली. तुटलेला जबडा इतका सुरेख जोडलाय की सांधा सापडत नाही. (हे आधीच लिहिते, नाही तर पुढच्या रागात राहून जाईल आणि तो अन्याय होईल.) पण जबडा जोडायला दिला होता, चेहरा सुधारायला नव्हे. माकडाच्या डोळ्याखाली हाडात बारीक भोकं असतात, गालाकडे जाणाऱ्या नसा त्यांतून बाहेर पडतात. ती किती असावीत याला नियम नाही; एकाला दोन, दुसऱ्याला पाच, एकाच माकडाच्या दोन गालांवरही वेगवेगळी. आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटातल्या अकरा जुन्या कवट्यांवरची भोकं मी दोन वर्षं मोजते आहे. त्यांत ही माझी हुकमी कवटी: डावीकडे चार, उजवीकडे दोन. शुक्रवारी महाविद्यालयात त्यावर मी शोधनिबंध वाचणार आहे. आणि तुमच्या काशीबाईंनी सगळी भोकं शाडूने बुजवली, पॉलिश पेपरने घासली, वर हस्तिदंती डिस्टेंपरचा हात दिला. माकड आता इतकं सोज्वळ दिसतं की पुढ्यात पाट मांडावासा वाटतो.

मी काशीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गो बाय, गणपतीच्या गालाव बुडबुड्याचा भोक रायला तर गिऱ्हाईक नेल काय? मग तुझा माकड तसा कसा देऊ?" साच्यातून निघालेल्या चेहऱ्यांवरची भोकं तीस वर्षं बुजवणाऱ्या बाईला हे आधी सांगायला हवं होतं, हा दोष माझा. (कवटीसोबत चिठ्ठी होती. तीत 'जबडा' एवढाच शब्द होता.) किती बुजवली, असं विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "डावीकडं तीन, उजवीकडं दोन. नि एक टाचणीचा टोचा, तो काय मोजायचा नाय." टाचणीचा टोचा म्हणे. मी एम.एस्सी. आहे, मामा.

आमच्या विभागप्रमुखांनी कवटी दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "मॅडम, मला तर एकही दिसत नाही. भिंतीवरच्या तक्त्यात दोन्ही बाजूंना एकेक आहे, तेच लिहा, नाही तर निबंध मागे घ्या." तो तक्ता माणसाचा आहे, असं मी सांगितलं. "असा किती फरक असणार?" म्हणाले. (त्यांच्याकडे पाहून मी गप्प राहिले, याचं श्रेय मला मिळायला हवं.) हट्ट आणि खरेपणा यांत माझी गल्लत होते का, हे मी डायरीत तीनदा विचारून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की होते, पण या वेळी नाही. तेव्हा मी एक लिहिणार नाही, मागेही घेणार नाही. नोकरीत पुढे जायचं राहिलं तर राहो. चार म्हणजे चार.

मामींना नमस्कार.

तुमची,
नम्रता

ता.क. रागाने लिहिलं खरं, पण काम असं आहे: शुक्रवारी काशीबाईंना घेऊन जिते स्टेशनवरून सकाळच्या गाडीने रोह्याला या. पाण्याची वाटी माझी, ब्रश त्यांचा. सरांच्या डोळ्यांदेखत त्यांनी शाडू भिजवून भोकं उघडायची. मी उघडली तर सर म्हणतील, हिनेच पाडली.

ता.क. दुसरा. 'हिनेच पाडली' असं लिहिल्यावर राहवेना, म्हणून मोजणीच्या दिवसाची डायरी काढली. नोंद अशी: "डावीकडे चौथे सापडले. टाचणी जरा दाबावी लागली." पहिल्या तीन भोकांत ती आपोआप गेली होती, तेही तिथेच लिहिलं आहे. शुक्रवारी मी तीन सांगणार, आणि आधी चार कसे झाले तेही सगळ्यांपुढे सांगणार. तक्त्यातलं एक मात्र तरीही सांगणार नाही. काशीबाईंना म्हणावं, चौथं उघडू नका. तेवढं तुम्ही बुजवलंत ते बरं केलंत.