खुर्ची खरी, दुकान खोटं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि मध्येच रडू आलं तर माझी पंचाईत, म्हणून लिहायला बसले. रविवारी तू सांगितलंस, महिनाअखेर तुझ्या नोकरीचा निकाल. तुमच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट इंटरनेटवरच्या त्या मोठ्या यादीत लागल्या तर तू कायम, नाहीतर नारळ. आणि चिडून म्हणालीस, तिथे कुणी एक खवीस बसलाय, काही म्हणून आत घेत नाही. मी म्हटलं, असेल बाई, आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइमपास करते, एवढंच तुला ठाऊक. काय ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. अगं, वेबसाइटची ती यादी आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं फुकट सांभाळतात. बाबा असते तर म्हणाले असते, भाजा लष्कराच्या भाकऱ्या! त्यातला घरगुती वस्तूंच्या दुरुस्तीचा कप्पा माझ्याकडे आहे. कुणी वेबसाइट पाठवली की मी उघडून वाचते, शंका आली तर फोन लावते, आणि खरी असेल तर दोन साध्या ओळी लिहून आत घेते. उभा जन्म टपाल छाटण्यात गेला, खोटा पत्ता मला वासावरून कळतो. येतो तो बहुतेक कचराच. केस उगवणारं तेल काय, लॉटरी काय! एकच दुकान दहा नावांनी येतं, दर वेळी नवा सदरा घालून. झाडून काढायचं आणि चहा घ्यायचा, असा माझा दिनक्रम.

तर हल्ली एक फर्निचरचं दुकान हात धुऊन मागे लागलं होतं. म्हणे जुन्या खुर्च्या दुरुस्त करतो. फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, जुनी टाकून द्या ना काकू, नवीवर सूट आहे. उडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. खातं तेच, नाव वेगळं. कधी समाधानी ग्राहक, कधी निवृत्त प्राध्यापक. पुढेपुढे मी वाचायचंही सोडलं होतं म्हण ना. आणि मग एका नोंदीवर हात थांबला. ‘बाबांची वेताची खुर्ची. डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग. या दुकानाने बैठक नव्याने विणून दिली, डाग मात्र राहू दिला.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मान वळवली तर गॅलरीत ती खुर्ची तशीच, बैठकीला भोक, वर रद्दीचा ढीग. राग आला मला, खोटं कशाला बोलू! बाबांची खुर्ची नेऊन त्या भामट्यांच्या दावणीला बांधलीस म्हणून आला. आणि राग गिळते न गिळते तोच भडभडून आलं. बाबांमागे तू त्या खुर्चीबद्दल चकार शब्द काढला नव्हतास. मला वाटलं, पोरगी विसरली. तो डाग मला एकटीलाच आठवतो असं धरून मी चालले होते.

आमच्यात नियम आहे, नात्यातलं काही आलं तर आपण निवाडा करायचा नाही. म्हणून तुझं सगळं बाड मी मास्तरांकडे सरकवलं. ते शेजारचा कप्पा सांभाळतात, पूर्वी चित्रकला शिकवायचे. आम्ही एकमेकांना अजून पाहिलेलं नाही. माझ्या नात्यातलं आहे, एवढंच त्यांना कळवलं. मनात म्हटलं, त्यांनी घेतलं तर पोरीची नोकरीही राहील आणि माझ्यावर बालंटही नाही. आईच आहे मी, सुटला एवढा लोभ. संध्याकाळपर्यंत सगळ्या नोंदी नाकारून परत आल्या, वर खातं बंद करा असा शेरा. त्या एका नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं: खुर्ची खरी वाटते, दुकान खोटं आहे.

दोन दिवस मी कप्पा उघडलाच नाही. मग माझ्याच यादीतले वेत विणणारे एक काका बोलावले. त्यांची वेबसाइट सुनेने केलीय, अर्धे फोटो आडवे, पण माणूस अस्सल. गॅलरीतच बसून त्यांनी बैठक विणली. जाताजाता म्हणाले, हा डाग घासून काढू का, वहिनी? मी अशी ओरडले, की बिचाऱ्यांच्या हातून पॉलिशपेपर पडला.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मास्तरांच्या निकालाप्रमाणे तुझं खातं बंद करणं माझ्याकडे आलंय. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मी थांबणार, मग बंद करणार. टपालाला किती दिवस लागतात ते मला कुणी शिकवायला नको. तुझी नोकरी माझ्या हातून जातेय, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. शिव्या घालायच्या तर खुशाल फोन कर, या वेळी दूध उतू जाणार नाही. आणि मग घरी ये. तू लिहिलंस त्यातलं दुकान तेवढं सोडलं, तर बाकी सगळं आता खरं आहे. खुर्चीत अजून कुणी बसलेलं नाही, मीसुद्धा नाही. पहिली तू बस.

तुझीच,
आई ऊर्फ खवीस