दिवसाचे दिवे

बाबा, परवा डोळे तपासायला गेले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढंच मनात होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, "घर में किसी को काला मोतिया?" काचबिंदूला इथे तेच म्हणतात. मी म्हटलं, वडिलांना होता. "पता कब चला था?" मी म्हटलं, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, छोटा अपघात झाला तेव्हा. त्यांनी ते लिहून घेतलं. माझे डोळे ठीक आहेत. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

मानेसरच्या दिव्यांच्या कारखान्यात मी नोकरी धरली तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी धड बोलला नव्हतात. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून मुलं यूपीएससीसाठी दिल्लीत येऊन कोंदट खोल्यांत राहतात आणि आमची मुलगी इथे वाढून मोटारीचे दिवे करायला जाते, हे तुम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या तुमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवायचात. मीही तुमचीच मुलगी. कारखाना जवळ पडतो असं सांगून गुडगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि फक्त रविवारी घरी यायला लागले. तुम्ही तेव्हा नुकतेच सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीच्या टोकाला द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला गेला होतात. समोर नुसतं मोकळं रान, बसचा पत्ता नाही, आईचे गुडघे गेलेले. तुमच्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीवाचून घरातलं पान हलत नव्हतं.

एका रविवारी जेवताना तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे ते परदेशी पाठवायचे दिवे बनतात ना, दिवसा लावायचे? आपल्या गाडीला बसवून दे की." माझा घास हातातच राहिला. थंडीच्या देशांत भर दिवसासुद्धा गाडीचे दिवे चालू ठेवतात, हे मी आईला कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही ऐकत होतात! "इथे दिवसाढवळ्या कशाला, बाबा?" "अगं, लोकांना मी दिसलो पाहिजे. बघतेस ना कशी चालवतात, बिल्कुल अंगावर येतात." मी फुलून गेले. मला वाटलं, माझं काम तुम्ही एकदाचं मान्य केलंत.

पुढच्याच रविवारी मी साहेबांची चिठ्ठी घेऊन, काचेवर ओरखडा होता म्हणून बाद झालेली एक जोडी आणली. सोसायटीच्या आवारात बंपरला भोकं पाडली आणि चावी फिरवली की दिवे आपोआप लागतील अशी वायर जोडून दिली. तुम्ही शेजारी उभे राहून एकेक पाना देत होतात. दहा नंबरचा मागितला की बाराचा द्यायचात, तोही बोटांनी चाचपून, आणि मी तुमची टिंगल करत होते. दिवे लागले तेव्हा तुम्ही गाडीसमोर जाऊन बराच वेळ उभे राहिलात. "अच्छा झालंय," म्हणालात. तेवढ्यावर मी खूश झाले.

दिल्लीत दिवसा कुणाचा दिवा चालू दिसला की समोरच्याला राहवत नाही. जो तो हाताची मूठ उघडमीट करून खूण करतो. स्कूटरवाले, रिक्षावाले, सिग्नलवरचा पोलीससुद्धा. "अंकल, लाइट जल रही है!" तुम्ही काच खाली करून शांतपणे म्हणायचात, "जलने दो, बेटा." आई शरमेने अर्धी व्हायची. "अख्खी दिल्ली हात करतेय आपल्याला, जसे काही मंत्रीच!" तुम्ही हसायचात. "करू देत. म्हणजे दिसतोय मी त्यांना." हा किस्सा मी कारखान्यात रंगवून सांगितला होता आणि सगळे पोट धरून हसले होते.

दीड वर्षाने सोसायटीच्या गेटबाहेर वळताना तुम्ही एका दूधवाल्याच्या सायकलला धडक दिलीत. दिवे चालू होते. त्याला तुम्ही दिसला होतात, तो तुम्हाला दिसला नाही. त्याचं मनगट मोडलं. त्याला घेऊन तुम्ही हॉस्पिटलात गेलात आणि तिथेच डॉक्टरांना सांगितलंत, बाजूचं काही दिसत नाही. तुमचे डोळे तपासून त्यांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचली असती. पुढची नऊ वर्षं तुम्ही भिंतीला हात लावून चाललात. "चूक माझीच," तुम्ही म्हणायचात, "रिटायर होईपर्यंत रेटू म्हटलं." आम्हाला लागेल असं कधी शब्दानेही बोलला नाहीत.

दिवे बसवले त्या संध्याकाळी तुम्ही मला गुडगावला सोडायला निघालात. एका चौकात डावीकडून एक म्हातारी बाई रस्त्यात उतरली. तुम्ही ब्रेक लावलाच नाहीत. मी ओरडले आणि हँडब्रेक ओढला. ती हातभर अंतरावरून शिव्या देत निघून गेली. "दिसली होती मला," तुम्ही म्हणालात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही समोर बघत होतात आणि मी काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहत होतात, हे मला स्वच्छ कळलं. दिवे कशासाठी हवे होते तेही त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी मी हिशेब केला, की तुमची गाडी सुटली तर माझी खोली सुटणार. तुमचं ऑफिस, आईचे डॉक्टर, भाजी, सगळं माझ्यावर येणार. मी म्हटलं, "चला बाबा, मागचे हॉर्न देतायत." तुम्ही गाडी सुरू केलीत.

आई आता फार थकली आहे. अजून म्हणते, "रोज शेजारी बसायचे गं मी त्यांच्या, मला कसं कळलं नाही?" मी म्हणते, कुणालाच कळलं नाही, आई. इतकी वर्षं तिला हेच सांगते आहे आणि ती स्वतःलाच बोल लावत बसली आहे. आत्ताही पलीकडच्या खोलीत मटार सोलते आहे. मघाशी तिने विचारलं, "एवढं काय लिहितेयस?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. हे सगळं तिला सांगायला हवं, मला कळतं. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.