गाठ मारलेली पिशवी

प्रिय धुरांडे,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ती ऐकून घेईल असं या घरात कुणी नाही. आमचं नवं वॉशिंग मशीन गातं. कपडे धुऊन झाले की राज्य जिंकल्यासारखी लांबलचक धून वाजवतं आणि मध्येच थांबवता येत नाही. कंपनीला फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, ते फीचर आहे. मी म्हटलं, बाई, हे फीचर माझ्या सासूबाईंमध्येही होतं, पण त्या निदान श्वास घ्यायला थांबायच्या.

मशीन आमच्या ह्यांनी आणलं, मला धाप लागते म्हणून. इतकी वर्षं कपडे हातांनी बडवले तेव्हा नाही सुचलं, असं म्हणणार होते, पण ह्यांचा चेहरा पाहून गप्प बसले. मी गप्प बसले, यावरूनच काय ते समज.

ह्यांचा कारखाना आठवतो ना, सिमेंटच्या पत्र्यांचा? हे तिथे करवतीवर पत्रे कापायचे. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ छातीत गेली की वर्षानुवर्षं दबा धरून बसते. म्हणून आत जाणाऱ्याला मास्क, दरवर्षी छातीचा फोटो, भिंतीभर सूचना. बाहेर येणाऱ्या कपड्यांबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं. हे मुलखाचे जपणारे. मुलं अंगाशी येतात म्हणून अंघोळ तिथेच उरकून यायचे. कामाचे कपडे पिशवीत कोंबून अशी गाठ मारायचे, की सोडवताना माझी नखं तुटायची. मुलांनी पिशवीला हात लावायचा नाही, असा घरात कडक कायदा. मी काही मूल नव्हते. मी गॅलरीत उभी राहून एकेक कपडा झटकायचे, कारण तसाच भिजवला की बादलीत चिखल व्हायचा. उन्हात ती धूळ चमचमायची. खरं सांगू, छान दिसायची गं.

ह्यांच्या छातीचा फोटो आजही स्वच्छ आहे. माझा नाही. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. हे तेव्हा गाडी लावायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, नवरा काय काम करायचा? मग विचारलं, त्याचे कपडे कोण धुवायचं? माझं उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, जे काय करायचं ते करा, पण हे ह्यांच्यासमोर काढू नका. करण्यासारखंही फार नाही म्हणा.

पण हे कसले गप्प बसतात! उठता-बसता एकच, तुलाच कसं झालं? परवा ओला टॉवेल वाळत घालताना ह्यांनी तो जोरात झटकला, आणि हात तसाच हवेत राहिला. माझ्याकडे वळून पाहिलं. अगं, आणखी एक क्षण, की ह्यांना कळलं असतं. मी तर जाणारच आहे, पण माणूस तिथेच उभ्या उभ्या संपला असता. मी तोंडाला आलं ते बोलून गेले, की हॉस्टेलमध्ये मी सिगारेटी ओढायचे, तुझ्याबरोबर, खिडकीत बसून, रोज. हे कडाडले, एवढी वर्षं लपवलंस? दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. रात्री मात्र गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी.

हसलीस ना? तुझ्या एका झुरक्यावर तासभर व्याख्यान देणारी मी! आणि तू अजून टेकड्या चढतेस. चढ बाई, खुशाल चढ.

हे रविवारी तुला फोन करून खात्री करून घेणार आहेत, म्हणून हे पत्र. हो म्हण. मीच तिला शिकवलं म्हण, आणि शिव्या खा. मला मात्र फोन करू नकोस, मला रडू फुटलं तर हे शेजारीच असतात. पत्र फाडून टाक. सोबत तुझा लायटर आहे. तुझी छाती शाबूत राहावी म्हणून तुझ्या उशीखालून पळवला होता आणि सुधारलीस की देईन म्हणाले होते. काल पेट्रोल घालून पेटवून पाहिला. अजून चालतो.

तुझीच,
हेडबाई